पन्नास रुपयांचा दंड आणि चारापाण्याचा हिशोब

या सदरात मी एरवी गाभण गायी, कासदाह, वासरांचे जंत यांवर लिहिते. मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की जनावरांना छळणाऱ्यांवर खरंच काही कारवाई होते का. मी आठ-दहा ओळींत उत्तर दिलं आणि त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. नोकरीची शेवटची सहा वर्षं मी जिल्हा पशुसंवर्धन उपआयुक्त होते, आणि त्या नात्याने जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीची सदस्य सचिवही. त्यामुळे उत्तरं पुस्तकातून कमी आणि तिथल्या दिवसांमधून जास्त आली आहेत.

मॅडम, मीही पशुवैद्यक आहे. पदोन्नतीवर नव्या जिल्ह्यात आले आणि प्राणी क्लेश सोसायटीची फाइल माझ्या टेबलावर आली. शेवटची बैठक तीन वर्षांपूर्वीची आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, विदर्भ

डॉक्टर, आधी तुमचं मनापासून अभिनंदन. ही फाइल बहुतेक जण कपाटात ठेवतात, तुम्ही ती उघडलीत.

पहिलं काम बैठक बोलावण्याचं नाही. पहिलं काम एक कागद शोधण्याचं आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याचं कलम ३५ काढून वाचा. जप्त केलेलं जनावर पांजरपोळात, म्हणजे जनावरांच्या आश्रयस्थानात, किंवा दवाखान्यात ठेवलं, तर त्याची ने-आण, चारापाणी आणि औषधोपचार यांचा खर्च मालकाने द्यायचा असतो. तो कोणत्या दराने द्यायचा, हे जिल्हादंडाधिकाऱ्यांनी ठरवून द्यायचं असतं. तुमच्या जिल्ह्यात असा दर ठरलेला आहे का, तो किती जुना आहे, तेवढं बघा. माझ्या जिल्ह्यात तो ठरलेलाच नव्हता. ते मला कसं कळलं, ते सांगते, म्हणजे तुमच्यावर तशी रात्र येणार नाही.

मी रुजू होऊन दोन महिने झाले होते. एप्रिलच्या एका रात्री पोलीस ठाण्यातून फोन आला की ट्रक पकडलाय, आत अकरा बैल आहेत. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम सांगतात की मालवाहू गाडीत मोठी जनावरं सहाच्या वर भरायची नाहीत, आणि सोबत पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखला हवा. इथे अकरा, दाखला नाही, दोन बैलांची शिंगं एकमेकांत अडकलेली. गुन्हा सरळ होता. पंचनामा झाला, जप्ती झाली, आणि मग प्रश्न आला की बैल ठेवायचे कुठे? जवळच्या दोन गोशाळांनी हात वर केले. मागच्या जप्तीतली जनावरं त्यांनी आठ महिने पोसली होती आणि एक रुपया मिळाला नव्हता. त्यांच्यावर मी आजही रागावू शकत नाही. बैल ठाण्याच्या मागच्या मोकळ्या जागेत बांधले. झाड एकच. हवालदारांनी आपल्या खर्चाने कडब्याच्या पेंड्या आणल्या, बादल्यांनी पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बैल बसला तो उठलाच नाही. शवविच्छेदन मीच केलं. ट्रकमध्ये चेंगरून बरगड्या मोडल्या होत्या, त्यावर ऊन आणि उपास. कायद्याप्रमाणे सगळं नीट झालं होतं आणि बैल आमच्या ताब्यात मेला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात मी चारा, मजुरी, औषधं यांचे बाजारभाव मांडून दराचा प्रस्ताव केला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीपर्यंत स्वतः घेऊन गेले. सही झाल्यावर त्याची प्रत प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक गोशाळेत आणि न्यायालयात दिली. मग यादी केली, कोणत्या गोशाळेत किती दावणी रिकाम्या आहेत, कुणाकडे उतरवायला धक्का आहे, रात्री दार कोण उघडतं. या दोन कागदांनी माझ्या सहा वर्षांत जेवढी जनावरं वाचली, तेवढी एकाही बैठकीने वाचली नाहीत.

दुसरं, तुमच्या तालुक्यांतल्या पशुवैद्यकांना दाखला लिहायला शिकवा. “जनावराच्या अंगावर जखमा आढळल्या” या वाक्यावर न्यायालयात काहीही उभं राहत नाही. “उजव्या खांद्यावर, जू टेकतं त्या जागी, तळहाताएवढी, पू धरलेली, अंदाजे आठ दिवसांची जखम” असं लिहिलेलं हवं. जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो हवा. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, की कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो दाखल होत नाही. माझ्या आधीच्या फायलींमध्ये चांगली चांगली प्रकरणं चौथ्या महिन्यात जाऊन मेलेली मी पाहिली आहेत. बैठक त्यानंतर घ्या, दाखवायला काहीतरी असेल.

आमच्या भागातून दर हिवाळ्यात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या कारखान्याकडे जातात. चढावर बैल गुडघ्यावर येतात, खांद्यातून रक्त गळत असतं. तक्रार केली तर दंड फक्त पन्नास रुपये होतो म्हणे. मग तक्रार करून उपयोग काय? — एक शिक्षिका, बीड जिल्हा

ताई, पन्नास रुपयांचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ही रक्कम लागत असेल, आज ती चहा-वड्याला पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात संसदेला शिक्षा वाढवण्याबद्दल सांगितलं, २०२२ साली केंद्राने दुरुस्तीचा मसुदाही लोकांपुढे ठेवला. तो पुढे सरकावा म्हणून मी पत्रं लिहीत आले आहे आणि लिहीत राहणार आहे.

पण या दंडावरून कायदा मोजू नका. त्याच कायद्यात जनावर तपासणीसाठी ताब्यात घेण्याचा अधिकार शिपायाच्या वरच्या कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला आहे. न्यायदंडाधिकारी जनावर बरं होईपर्यंत पांजरपोळात ठेवायला सांगू शकतात आणि त्याचा खर्च मालकावर पडतो, तो पन्नास रुपये नसतो. जनावर जायबंदी केलं किंवा मारलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि गुन्हा दखलपात्र. नुसती मारहाण मात्र अदखलपात्र असते, तिथे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकत नाहीत. म्हणून तक्रारीत “बैलाला मारलं” एवढंच लिहू नका. कुठली जखम, किती रक्त, बैल लंगडतोय का, उठू शकतोय का, हे लिहा. तारीख, वेळ, रस्ता लिहा.

आता ऊसतोडीचं. हे मी तुम्हाला मोकळेपणाने सांगते, कारण इथे मी स्वतः चुकले होते.

पहिल्याच हंगामात जानेवारीच्या पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर मी एक टायरगाडी थांबवली. डाव्या बैलाची खांदेसूज फुटलेली, जुवाला पू आणि रक्त चिकटलेलं. गाडीवान म्हणजे एक नवरा-बायको, गाडीवर मागे लेकरू झोपलेलं. मी बैल ताब्यात घेतला, नियमाप्रमाणे. बाई ओरडली नाही की रडली नाही, तिने फक्त विचारलं, “मग आता उसाचं काय करायचं, ताई?” मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, त्यांच्या डोक्यावर होती. बैल थांबला की कोयता थांबतो, आणि उचल पुढच्या वर्षावर जाते. बैलाला विश्रांती मिळाली, पण तिची किंमत त्या गाडीवरच्या सर्वांत गरीब माणसांनी भरली. ज्यांनी चढाचा रस्ता ठरवला, कारखान्याच्या वजनकाट्यासमोर रांग लावली, त्यांना काहीच झालं नाही.

पुढच्या हंगामापासून मी काम उलट्या टोकाकडून सुरू केलं. गाळप सुरू व्हायच्या आधी ऊसतोड टोळ्यांच्या अड्ड्यावर जायचं आणि प्रत्येक बैलाचा खांदा हाताने बघायचा. तुम्हालाही दाखवते, हे कुणालाही जमतं. तळहात नाही, हाताची मागची बाजू खांद्यावर ठेवायची, ऊब तिथे लवकर कळते. मग बोटांनी हळू दाबायचं. बैल कातडी थरथरवतो, मान काढून घेतो, तर सूज ताजी आहे. या टप्प्यावर आठ-दहा दिवस जुवापासून सुट्टी दिली, गार पाण्याने शेकलं, की बहुतेक खांदे सुधारतात. दगडासारखी गाठ लागली तर ती जुनी आहे, तिला दवाखानाच हवा. आणि आत पाणी हलल्यासारखं लागलं तर त्या बैलाला जुंपायचंच नाही. आम्ही कार्डावर तारीख आणि शेरा लिहून गाडीवानाच्या हातात द्यायचो. ज्याचा बैल उतरवला, त्याला तेवढे दिवस ऊस तोडायचं काम दुसऱ्या टोळीत मिळावं, हे मुकादम आणि शेतकी विभागाच्या माणसांसमोर बसून ठरवून घ्यायचो. प्रत्येक वेळी जमलं नाही. पण ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी कुणी बैल लपवला नाही.

दुसरी गोष्ट रांगेची. ओझं ओढण्याचा त्रास सगळ्यांना दिसतो, थांबण्याचा कुणाला दिसत नाही. काट्यासमोर गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात आणि बैल जुंपलेलेच असतात, जुवाचा सगळा भार मानेवर. ओझी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. हे नियम मी छापून कारखान्याच्या यार्डात लावले. त्याने काही बदललं नाही. मग मी व्यवस्थापकांना रात्री अकरा वाजता रांगेत बोलावलं आणि एका गाडीचं जू दोन्ही हातांनी उचलून धरायला सांगितलं. त्यांनी धरलं. ते काही बोलले नाहीत, पण पंधरा दिवसांत रांगेच्या कडेला दांडीखाली लावायचे टेकू आले, पाण्याचा हौद आला, आणि टोकन पद्धत सुरू झाली, म्हणजे बैल सोडून ठेवता येऊ लागले. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली जुवाखाली बसणारं फिरतं चाक तयार केलं होतं, मानेवरचा भार ते चाक घेतं. ते ज्याला सुचलं, त्या मुलाने नक्कीच कधीतरी अशा रांगेजवळ उभं राहून बैलाकडे बघितलं असणार.

तेव्हा ताई, तुमची तक्रार जरूर द्या. पण ती गाडीवानाच्या नावाने देऊ नका. रस्त्याची, चढाची, रांगेची द्या. सोसायटीचे अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना द्या आणि प्रत पशुसंवर्धन कार्यालयात द्या. कायद्यात मालक आणि हाकणारा दोघंही येतात, आणि ओझं किती भरायचं हे तिसराच ठरवत असेल तर त्याला बैठकीला बोलावण्याचं काम सदस्य सचिवाचं आहे. शिक्षिका आहात, तर शाळेतल्या मुलांकडून गाडीरस्त्यावरच्या चढांचा नकाशा करून घ्या. असा नकाशा माझ्या टेबलावर आला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

आम्ही गावच्या यात्रेत बैलगाडा शर्यत भरवतो. आता कोर्टाने परवानगी दिली, तरी पशुवैद्यक अडवतात. का? — यात्रा समिती, पुणे जिल्हा

कारण परवानगी अटींसकट आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो बदल कायम केला. या निकालाचा पाया असा आहे, की नियम पाळले तर बैलाला होणारा त्रास कमी होतो. नियम मोडले की पायाच जातो. जिल्हाधिकारी कार्यालयाची लेखी परवानगी, अनामत रक्कम, धाव १००० मीटरच्या आत, बैलांची आधी तपासणी. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना मनाई. छळ झाला तर या शर्यतींपुरती शिक्षा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. इथे पन्नास रुपये नाहीत.

तपासणीच्या वेळी आम्ही शेपटी उचलून का बघतो, असं तुमच्यापैकी अनेकांनी मला घाटात, शर्यतीच्या मैदानात, विचारलं आहे. शेपटी चावलेली किंवा पिरगाळलेली असली की मणक्यांच्या मधे बोट लावल्यावर बैल मागचा पाय झाडतो. ज्याने बैल पोटच्या पोरासारखा सांभाळला आहे, तो स्वतः शेपटी उचलून दाखवतो. असे बैलमालक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या बारीला, म्हणजे धावेला, टाळ्या वाजवल्या आहेत.

महाराष्ट्रात शर्यत चालते, तर गोव्यात आमच्या धिरयोवर, म्हणजे बैलांच्या झुंजींवर, बंदी का? — एक वाचक, सासष्टी

महाराष्ट्राने कायद्यात केलेला बदल शर्यतीपुरता आहे, झुंजीसाठी नाही. करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्याच्या अंगावर सोडणं कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून स्वतंत्र लिहिलेलं आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १९९६ साली धिरयोवर बंदी आणली. शिंग पोटात घुसलेल्या जनावरावर मी टाके घातले आहेत. माझं मत बंदीच्या बाजूने आहे.

सोसायटीत एक बाई भटक्या कुत्र्यांना जिन्यापाशी खायला घालतात. लहान मुलं घाबरतात. कुत्री उचलून दूर सोडता येतील का? — एक वाचक, पुणे

दूर सोडून प्रश्न सुटत नाही, कारण रिकाम्या जागेत दुसरी कुत्री येतात आणि ती लस न टोचलेली असतात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस ही महापालिकेची जबाबदारी आहे, आणि कुत्रं परत त्याच जागी सोडायचं असतं. रेबीज झालेली आणि अंगावर धावून येणारी कुत्री सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये यातून वगळली. तुमच्या बाबतीत त्या बाईंचं चुकतंय ते जागेचं. खायला घालायची जागा जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब हवी, वेळ मुलांच्या वर्दळीची नको, असं त्याच नियमांत आहे. जागा सोसायटीने ठरवून द्यायची. त्यांना शत्रू करू नका. नसबंदीच्या गाडीत कुत्रं पकडून द्यायला त्यांच्याइतकं उपयोगी माणूस तुमच्या इमारतीत दुसरं नसेल, कारण कुत्री त्यांच्याकडेच येतात. ज्याच्या कानाला कापल्याची खूण आहे, त्याची नसबंदी झालेली आहे. आणि चावा झालाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारचे शिपाई कुत्री मारत सुटले तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत पांजरपोळ उभा राहिला.

माझे आजोबा बैलाला पराणीने टोचतात. मला वाईट वाटतं, पण त्यांना सांगायची भीती वाटते. मी काय करू? — इयत्ता सातवी, परभणी जिल्हा

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पराणीच्या टोकाला जी लोखंडी आर असते, ती १९६५ च्या नियमांत चालत नाही. पण आजोबांना नियम सांगू नकोस. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे खांदेमळणी होत असेल. त्या संध्याकाळी हळद-तुपाची वाटी तू धर आणि बैलाचा खांदा तू मळ. मग त्याच हाताने पाठीमागे, शेपटीच्या वर, जिथे आर टोचते तिथे चाचप. बारीक बारीक खपल्या लागतील. आजोबांचा हात धरून तिथे ठेव आणि विचार, “आजोबा, हे काय आहे?” मग गप्प राहा. “आवतण घ्या” म्हणून बैलाला जेवायला बोलवायची ती वेळ असते, आजोबांचं मन तेव्हा मऊ असतं.

आर काढून टाकायला ते तयार झाले तर लोहाराकडे जायची गरज नाही, पक्कडीने निघते. टोकाला जुन्या कापडाचा बोळा घट्ट बांध. आणि खपल्यांवर माश्या बसत असतील किंवा पू दिसला तर १९६२ या नंबरवर फोन करा, फिरत्या पशुचिकित्सा पथकाची गाडी गावात येते. फोन आजोबांनाच करायला लाव.